पिवळे फॉर्म संपल्यावर

दिनोरा अर्गेता माणसांना घाबरत नव्हती, कागदाला घाबरायची. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण अकराच्या ठोक्याला तयार ठेवणारी बाई ती. मुख्याध्यापक जरी मधेच डोकावले तरी त्यांना दारातूनच वाटेला लावायची. पण टपालपेटीत सरकारी पाकीट दिसलं की ती पेटी पुन्हा बंद करून घरात यायची. एल साल्वादोरच्या डोंगरातून ती मेरीलँडात आली त्याला एकोणतीस वर्षं झाली होती, आणि त्यातली पहिली बावीस तिने तात्पुरत्या परवान्यांवर काढली होती. परवाना संपायचा, पुन्हा अर्ज, पुन्हा बोटांचे ठसे, पुन्हा वाट बघणं. शेवटी इथेच जन्मलेली पोरगी यानिरा एकवीस वर्षांची झाली, तिने आईसाठी अर्ज केला आणि कायम राहण्याचं हिरवं कार्ड हातात आलं. त्या दिवशी दिनोराने कार्ड उशीखाली ठेवलं नाही की देव्हाऱ्यात ठेवलं नाही. बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. त्या डब्यात तिचा सगळा जन्म होता. आल्या दिवसापासूनचा एकेक कागद, तारखेवार.

कागदाच्या बाबतीत तिचे दोन नेम होते. न वाचता सही करायची नाही, आणि आपला फॉर्म दुसऱ्याला भरू द्यायचा नाही. पोटच्या पोरीलासुद्धा नाही. "आई, दे इकडे, दोन मिनिटांत भरते," असं यानिरा म्हणाली की हिचं उत्तर ठरलेलं, "तू दोन मिनिटांत भरशील आणि मी दोन वर्षं निस्तरत बसेन." दुधाने तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकून प्यायची.

मग सहा वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलच्या शनिवारी हिची अक्कल कुठे चरायला गेली होती, असं कोणी विचारेल. विचारणाऱ्याचं काय जातं! अक्कल कुठेही गेली नव्हती. हात पिठात होते, आणि समोर मिस हॅरिएट होती.

मिस हॅरिएट प्रुइटने कार्व्हर्स मिल गावच्या शाळेत एकतीस वर्षं तिसरीचा वर्ग शिकवला. उंच, सडपातळ, पांढरे केस मानेवर बांधलेले. खिशात कायम हिरव्या शाईचं पेन. लाल शाईने मुलं बिचकतात, म्हणून ती वह्या हिरव्या शाईने तपासायची. निवृत्त झाली तरी पेन सुटलं नाही. दर गुरुवारी ती गावच्या वाचनालयात बायकांना इंग्रजी शिकवायची, फुकट. दिनोराचं इंग्रजी तिथलंच. दिनोराचा नवरा दुसरीचा हात धरून ह्यूस्टनला निघून गेला तेव्हा मिस हॅरिएट सूपचं भांडं घेऊन आली होती आणि एक शब्द न बोलता तीन तास बसून राहिली होती. यानिराला कॉलेजात जागा मिळाली ती हिच्याच शिफारसपत्रावर. खोटं कशाला बोला, बाई चांगली होती. वाईट असती तर दिनोराने तिला दारात उभं केलं नसतं आणि ही सगळी कथा घडलीच नसती.

दिनोरा तिला कधी नुसतं हॅरिएट म्हणाली नाही. 'माझी मिस' म्हणायची. नाताळात केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे तामाल आधी माझ्या मिसच्या घरी जायचे, मग चर्चच्या पाद्र्याकडे.

आता त्या गावाचा एक नियम होता. गावच्या पंचायतीची निवडणूक असेल तर गावात राहणाऱ्या कोणालाही मत देता येई, मग तो नागरिक असो वा नसो. कचरा कधी उचलायचा, बागेत दिवे किती लावायचे, एवढाच त्या पंचायतीचा कारभार. जो राहतो त्याने बोलावं, असं गावाने ठरवलं होतं. त्यासाठी पंचायतीने पिवळ्या रंगाचे वेगळे फॉर्म छापले होते. नाव, पत्ता, सही, संपलं. राज्याच्या आणि देशाच्या निवडणुकीचा फॉर्म निराळा, पांढरा. त्यावर पहिलाच प्रश्न, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? आणि शेवटी बारीक अक्षरात शपथ.

त्या वर्षी मिस हॅरिएट पंचायतीला उभी राहिली. मोठ्या घरांची मतं आधीच वाटली गेलेली. शिल्लक होत्या रेल्वेरुळांपलीकडच्या विटांच्या इमारती, जिथे दिनोरा राहायची, आणि जिथल्या निम्म्या लोकांनी जन्मात कुठे मत दिलं नव्हतं.

"मला तुझी मदत लागेल, दिनोरा," मिस हॅरिएट म्हणाली. "तुझी माणसं माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील."

"पुपुसा खायला येतील, मिस. मी तवा मांडते, तुम्ही टेबल मांडा."

तसंच झालं. वसंताच्या जत्रेत बागेच्या कडेला दिनोराने तवा मांडला. मक्याच्या पिठाचा गोळा घ्यायचा, त्यात चीज आणि लोरोकोच्या वेलीच्या कळ्या भरायच्या, दोन्ही तळव्यांत थापायचा आणि टाकायचा. रांग लागली. तव्याला खेटूनच मिस हॅरिएटचं टेबल. रांगेत उभ्या माणसाला दिनोरा ओरडून सांगायची, "अरे, नुसता उभा काय राहिलास खांबासारखा? तिकडे नाव लिही तोवर. घाबरतोस काय! ही माझी मिस आहे."

ज्यांचे हात तेलकट, त्यांचे फॉर्म मिस हॅरिएट स्वतः भरायची. ते फक्त सही करायचे. सकाळी काम पिवळ्या कागदांवर चाललं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला पिवळे संपले.

टेबलाखाली दुसरं खोकं होतं, पांढऱ्या फॉर्मचं. जे नागरिक होते त्यांच्यासाठी आणलेलं. मिस हॅरिएटने ते वर घेतलं. पांढऱ्या फॉर्मवर नाव चढलं की गावच्या यादीत आपोआप चढतं, हे तिला माहीत होतं. पुढचं तिच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि रांग बघून तिने ते बाजूला सारलं, हे तिचं तिला ठाऊक.

"दिनोरा, तुझंच राहिलं की!" एकच्या पुढे कधीतरी ती म्हणाली.

दिनोराने दोन्ही हात वर केले. कोपरापर्यंत पीठ. "थांबा मिस, हात धुऊन येते."

"रांग किती आहे बघ. मी भरते, तुझा पत्ता मला पाठ आहे. तू फक्त सही कर."

दिनोराने उजवा हात एप्रनला पुसला, पेन धरलं, सही केली. अंगठ्याचं पीठ सहीशेजारी लागलं. "अय्यो, डाग पडला." मिस हॅरिएट हसली. "चालेल गं. त्यांना कळू दे काम करणाऱ्या बाईचा कागद आहे."

मे महिन्यात मिस हॅरिएट बावीस मतांनी निवडून आली. रुळांपलीकडच्या इमारतींनी तिला निवडून आणलं, असं सगळं गाव म्हणालं. दिनोराने त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा मत दिलं होतं, आणि केंद्रावर मिळालेला चिकटवायचा बिल्ला शाळेच्या एप्रनवर आठवडाभर मिरवला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या तोंडावर तिला टपालाने एक मोठा कागद आला. मतपत्रिकेचा नमुना. गव्हर्नरपासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांची नावं. ती गुरुवारी तो कागद घेऊन वर्गात गेली.

"मिस, हे मला कसं आलं? हे तर नागरिकांचं आहे ना?"

मिस हॅरिएटने चष्मा लावला. कागद वाचला. तिची मान खालून वर लाल होत गेली. दिनोराला वाटलं वाचनालयात उकडतंय.

"हे... असंच सगळ्यांना पाठवतात," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाही हे. तू नको देऊस मत हं, नोव्हेंबरात. अजिबात नको."

"मी कशाला देते! मग याचं काय करू?"

"टाकून देते मी." तिने कागदाची घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवली. मग डबा उघडून लिंबाच्या केकचा तुकडा दिनोरापुढे केला. दिनोराने केक खाल्ला. तिच्या पत्र्याच्या डब्यात न पोचलेला तो एकच कागद.

पुढची वर्षं बरी गेली. मिस हॅरिएट पुन्हा निवडून आली. हिरव्या कार्डाला पाच वर्षं होऊन गेली तशी दिनोराने नागरिकत्वाचा अर्ज आणला, चार रविवार बसून एकटीने भरला. एक प्रश्न होता, तुम्ही कधी कुठल्या निवडणुकीसाठी नाव नोंदवलंत का? तिने 'हो' लिहिलं. का नाही लिहायचं? गावचा नियम होता. तिला त्याचा अभिमान होता.

मुलाखतीला ती निळा झगा घालून गेली. इतिहासाचे सगळे प्रश्न बरोबर आले. मग अधिकाऱ्याने त्या 'हो'वर बोट ठेवलं.

"हे काय?"

"गावची निवडणूक साहेब. आमच्या गावात चालतं. हा नियमाचा कागद." तिने सोबत नेलेल्या डब्यातून कागद काढून दिला सुद्धा.

"असेल. पण तुमच्या नोंदणीचा मूळ फॉर्म हवा. तीस दिवसांत त्याची प्रत आणा."

तिने प्रत मागवली. नवव्या दिवशी आली. पाकीट यानिराने फोडलं आणि कागद उजेडात धरला. "आई, हा पिवळा नाहीये."

पांढऱ्या फॉर्मची काळी-पांढरी प्रत. पहिला प्रश्न, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? 'हो'च्या चौकटीत खूण. खाली शपथ. शपथेखाली दिनोराची सही, आणि सहीशेजारी अंगठ्याएवढा करडा डाग.

वकीलबाई सेलाम हैले स्वतः कधीकाळी इथिओपियाहून आलेली. तिने प्रत टेबलावर ठेवली आणि शपथेखाली बोट टेकवलं.

"सही तुमची?"

"माझी."

"हा डाग कसला?"

"मक्याचं पीठ."

"आणि ही खूण?"

"ती माझी नाही. माझ्या मिसची. वकीलबाई, मी तो प्रश्न पाहिलासुद्धा नाही. आणि नोव्हेंबरात मी मत दिलं नाही, एकदाही नाही."

"ते तुमच्या बाजूचं आहे. पण कागद म्हणतो, तुम्ही शपथेवर स्वतःला नागरिक म्हणवलंत." सेलाम हळूहळू बोलत होती. "मिसेस अर्गेता, या एका गोष्टीला कायद्यात माफी जवळजवळ नाहीच. नागरिकत्व सोडा, हिरवं कार्ड जाऊ शकतं. तुम्हाला परत पाठवतील, आणि मग पुन्हा या देशात पाऊल ठेवता येणार नाही. पोरगी नागरिक असली तरी नाही."

दिनोराला आधी आलं ते हसू. ज्या बाईने एकोणतीस वर्षं विजेचं बिलसुद्धा फेकलं नाही तिला एका खुणेपायी घालवणार?

"तो फॉर्म चुकीचा आहे हे कळल्यावर तुम्ही लगेच स्वतःहून नाव काढून घेतलं असतंत, तर आज गोष्ट वेगळी असती," सेलाम म्हणाली.

"मला कळलंच नाही ना!"

"मग आता एकच आधार. ज्यांनी फॉर्म भरला त्यांनी लिहून द्यायला हवं. फार नको. 'त्या चौकटीत खूण मी केली, आणि तो प्रश्न मी हिला वाचून दाखवला नव्हता.' खाली सही. एवढं मिळालं तर मी लढेन."

दिनोराचा जीव भांड्यात पडला. "एवढंच ना? ती उद्या देईल. माझी मिस आहे ती."

मिस हॅरिएटच्या अंगणात पाट्या लागल्या होत्या. पंचायतीची निवडणूक पुन्हा तोंडावर आली होती. पाटीवर तिचं नाव आणि खाली दोन शब्द, 'शेजारी आधी'. दिनोरा स्वयंपाकघरात नेहमीच्या खुर्चीत बसली. चहा झाला. तिने प्रत पुढे केली आणि सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. मदत मिळणारच आहे तर रडायचं कशाला.

मिस हॅरिएट प्रतीला हात लावायला तयार नव्हती.

"किती भयंकर आहे हे," ती म्हणाली. "दिनोरा, मी तुझ्यासाठी काहीही करेन. गावात वर्गणी काढू. मी वर्तमानपत्राला पत्र लिहिते. चर्चमध्ये सभा घेऊ."

"वर्गणी नको, मिस. एक ओळ हवी."

"ती ओळ..." मिस हॅरिएटने कप उचलला, परत ठेवला. "मी वकिलाला विचारलं. तो म्हणतो, मी काहीही लिहून देता कामा नये. नागरिक नसलेल्या माणसाचा फॉर्म असा भरणं, हा माझाच गुन्हा धरतील. आणि आत्ता, निवडणुकीच्या तोंडावर..."

दिनोराच्या कानाला एक शब्द खटकला. 'विचारलं' म्हणाली. विचारते, नव्हे. आपण हिला आत्ता पाच मिनिटांपूर्वी सांगितलं, मग हिने वकिलाला विचारलं कधी?

पण त्या धाग्याशी ती पोचायच्या आत मिस हॅरिएटच पुढे बोलली, आणि वर्गात समजावायची त्याच मऊ आवाजात बोलली. "आणि हे बघ, तुझ्या एकटीचा प्रश्न नाही ना हा. मी लिहून दिलं की त्या दिवशीचे सगळेच फॉर्म बाहेर काढतील. बाकीच्या सोळा जणांचा विचार कर."

दिनोराने आपला रिकामा कप बाजूला सारला.

"कोणते सोळा, मिस?"

मिस हॅरिएटने बशीतला चमचा सरळ केला.

"सोळा म्हणजे तुम्ही मोजलेत. कधी मोजलेत?"

"दिनोरा—"

"मी तो मोठा कागद घेऊन आले होते. वाचनालयात. तुम्ही पिशवीत टाकलात."

"मला वाटलं, कोणी बघणार नाही," मिस हॅरिएट म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. "तू मत दिलं नाहीस की झालं, असं वाटलं. मी घरी येऊन आठवून आठवून यादी केली. रात्र-रात्र झोप नव्हती मला. दरवर्षी वाटायचं सांगावं. पण काय सांगणार होते मी? तुम्ही सगळे किती खुश होतात."

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी दुसऱ्या दिवशी जाऊन नाव काढून आले असते," दिनोरा म्हणाली. "वकीलबाई म्हणाली, तेव्हा काढलं असतं तर आज काही नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं, मिस. तुम्ही मला केक दिलात."

मिस हॅरिएटने तिचा हात धरायला हात पुढे केला. दिनोराने प्रत उचलली, नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली. दारात आल्यावर तिला वाटलं काहीतरी जोरात बोलावं, पाटीला लाथ घालावी. तिला काहीच जमलं नाही. सवयीने ती म्हणाली, "येते, मिस," आणि पायरी उतरल्यावर त्या शब्दाची तिला इतकी शरम वाटली की रुळांपर्यंत ती जवळजवळ धावत गेली.

शत्रूने फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. केसाने गळा कापणाऱ्याला शिवी कुठून सुरू करायची तेच कळत नाही. यानिराला मात्र कळत होतं.

"थेरडी!" ती ओरडली. "वीस वर्षं तामाल खाल्ले आपल्या घरचे! मी टाकते सगळं इंटरनेटवर. नावासकट."

"नको."

"का नको? अजून माया येतेय?"

"माया नाही गं. उद्या इंटरनेटवर आलं की परवा त्या सोळा जणांच्या दारात कोणीतरी येईल."

यानिराने फोन खाली ठेवला. मिस हॅरिएटने ढाल म्हणून पुढे केलेली ती सोळा माणसं दिनोराच्या गळ्यात मात्र खरोखरची येऊन पडली होती.

तीस दिवस संपले. सेलामने ओळीशिवायच कागद दिले, जेवढं भांडता येईल तेवढं भांडली. अर्ज नामंजूर झाला, आणि महिन्याभराने दुसरं पाकीट आलं. देशाबाहेर का काढू नये हे सांगायला न्यायाधीशापुढे हजर राहावं. तारीख मार्चातली. त्याच आठवड्यात दारात एक टोपली मिळाली. आत लिंबाचा केक आणि फुलांचं कार्ड, हिरव्या शाईत, 'आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत.' सही फक्त एका अक्षराची. बाई इतकी शिकलेली की कार्डावरही नामानिराळी राहिली.

दिनोराने कार्ड सेलामला नेऊन दाखवलं. "अक्षर जुळतं की नाही बघा."

"जुळतं," सेलाम म्हणाली. "फॉर्म तिने भरला एवढं दाखवता येईल. पण तो प्रश्न तुम्हाला वाचून दाखवला नाही, हे अक्षर कसं सांगणार? ते तिलाच सांगावं लागेल."

केक कचऱ्यात गेला. कार्ड डब्यात गेलं, तारीख घालून.

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर दिनोरा स्वयंपाकघरात वही घेऊन बसली. मिस हॅरिएटकडे यादी होती, ती मागून मिळणार नव्हती. पण दिनोराकडेही यादी होती, तिच्या पद्धतीची. कोण कधी आलं आणि काय खाल्लं हे ती विसरत नसे. बारा वाजता चीज संपत आलं म्हणून तिने राजमा भरायला घेतला होता. म्हणजे ज्यांनी राजम्याच्या पुपुसा खाल्ल्या ते सगळे पिवळे संपल्यानंतरचे. ती लिहीत गेली. तेओफिलो, राजम्याच्या तीन, वर लोणचं दोनदा मागून घेतलं. ब्लांका लिदिया, एक, पोटात दुखतंय म्हणाली. एल्मेर रंगारी, चार, आणि पाचवी बायकोसाठी बांधून. लिहिता लिहिता तेरा नावं झाली. उरलेली तीन आठवेनात. त्या तिघांसाठी तिने वहीत रिकाम्या ओळी ठेवल्या.

"तू काय करतेयस ते कळतंय ना तुला?" यानिरा म्हणाली. "ते तुलाच धरतील. सगळ्या इमारतींत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मार्चपर्यंत तरी शेजारी लागतील की नाही आपल्याला?"

"म्हणून त्यांनी माझ्यासारखं मुलाखतीला निळा झगा घालून जावं?"

"वकीलबाईला सांगू दे ना."

"वकीलबाईने बोलावलं नव्हतं त्यांना टेबलापाशी."

तिने एप्रन सोडला, केस विंचरले, वही घेतली. पहिलं दार एल्मेरचं, कारण त्याची बायको परवाच चर्चमध्ये सांगत होती, की फोटो काढून झाले, पुढच्या आठवड्यात एल्मेरचा नागरिकत्वाचा अर्ज टाकतोय.

दार त्यानेच उघडलं. बनियनवर रंगाचे ठिपके, कडेवर धाकटी पोर. "या या, नीन्या दिनोरा!" मोठ्या बाईला मानाने तसंच म्हणतात त्यांच्याकडे. "हात हलवत आलात? पुपुसा कुठंयत?"

"आज पुपुसा नाहीत. अर्ज टाकलास का रे?"

"मंगळवारी. का, पेढे आत्ताच मागता काय?"

"टाकू नकोस." ती उंबऱ्यातच उभी राहिली. "आधी तुझ्या मतदार नोंदणीची प्रत मागव. सहा वर्षांपूर्वी जत्रेत सही केली होतीस ती. पांढरा फॉर्म निघाला तर नाव काढून घे, आणि या वकीलबाईला भेट. कोणी काही विचारायच्या आत." तिने सेलामचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. मग स्वतःचं सगळं सांगितलं. मार्चची तारीखही सांगितली.

एल्मेरने पोरीला खाली ठेवलं. चिठ्ठी घेतली नाही. आतून त्याची बायको येऊन त्याच्या मागे उभी राहिली होती.

"मी सही करणार नव्हतो," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मला चांगलं आठवतंय. मी म्हणालो होतो, नको, मला कागदाची भीती वाटते. तेव्हा कोणीतरी म्हणालं, घाबरतोस काय, सही कर. कोण म्हणालं होतं?"

मिस हॅरिएटचं नाव दिनोराच्या जिभेवर होतं. खूण तिची, पेन तिचं, खोकं तिचं, सहा वर्षांचं मौन तिचं. नाव घेतलं असतं तर ते खरंच होतं, आणि एल्मेरने ते मानलंही असतं.

चिठ्ठी धरलेला हात तिने मागे घेतला नाही.

"मी," दिनोरा म्हणाली. "मी म्हणाले होते."